घरकुल, घराची कागदपत्रे आणि तक्रारीचा मार्ग : वसई-विरारच्या संदर्भात एक अभ्यासपाठ

निवासी शाळेच्या प्रवेशअर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात : 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. वसई तालुक्यातून येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या अर्जात पहिल्या रकान्यात नालासोपारा, विरार किंवा नायगाव येथील एखाद्या चाळीचे वा इमारतीचे नाव असते आणि दुसऱ्यात लातूर, बीड, वाशीम, रत्नागिरी अशा एखाद्या जिल्ह्यातील गाव. ज्या घरात कुटुंब राहते ते 'सध्याचे' आणि जेथे वर्षातून एकदा जाणे होते ते 'कायमचे', ही विसंगती कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. शासनाच्या गृहनिर्माण योजनांचा लाभ मिळेल की नाही, हे मात्र बहुतांशी या दोन पत्त्यांच्या परस्परसंबंधावरच ठरते. घरी आलेले सरकारी पत्र आईवडिलांना वाचून दाखविण्याचे काम बहुधा नववी-दहावीतल्या मुलांकडेच येते. म्हणून हा पाठ प्रथम त्यांच्यासाठी आणि मग पालकांसाठी आम्ही लिहीत आहोत.

आरंभी शहराची थोडी ओळख करून घेऊ. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली व २०१० पर्यंत ती व्यवस्था चालली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. मुंबईत घर परवडत नाही, पण पोट मुंबईवरच अवलंबून आहे, अशा माणसाला लोकलने जेथवर जाता येते तेथवर तो गेला. नियोजन त्याच्या मागून आले आणि पुष्कळ ठिकाणी आलेच नाही. ती मधली पोकळी भरून काढणाऱ्यांनी सरकारी जमिनीवर, वनजमिनीवर, आरक्षित भूखंडांवर आणि आदिवासींच्या जमिनींवर चाळी व इमारती उभ्या केल्या.

याचा परिणाम काय होतो हे नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीने दाखविले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर तेथे ४१ इमारती उभ्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या टप्प्याटप्प्याने पाडण्यात आल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बेघर झाली. अशा इमारतींतील रहिवासी पैसे देऊन घर घेतलेले असतात. त्यांच्याजवळ वीजबिल असते, शिधापत्रिका असते, आधारपत्रावर पत्ता असतो, पुष्कळदा घरपट्टीची पावतीही असते. तरीही घर त्यांचे ठरत नाही. का ठरत नाही, हे समजून घेणे हाच या पाठाचा गाभा आहे.

कोणता कागद काय सिद्ध करतो

वीजबिल एवढेच सांगते की या जागेत वीज वापरली जाते. शिधापत्रिका व आधारपत्र वास्तव्य दाखवितात, मालकी नव्हे. घरपट्टीच्या पावतीविषयीचा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत इमारतीवर दुप्पट मालमत्ता कराइतकी शास्ती आकारता येते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हे त्याच कलमात सांगितले आहे. म्हणजे महापालिका एका हाताने कर घेते आणि दुसऱ्या हाताने पाडकामाची नोटीस देते, यात कायद्याच्या दृष्टीने विसंगती नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीने आहे, आणि ती त्याला आधी कोणी समजावून सांगत नाही, हे आमच्या मते प्रशासनाचे मोठे अपयश आहे.

शंभर वा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला 'खरेदी करार' हाही असाच फसवा कागद. स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या दस्तानेच होते. त्या नोंदणीचा गोषवारा म्हणजे 'सूची क्रमांक २', बोलीभाषेत इंडेक्स टू. पण येथेही सावध असावे : दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, इमारत अधिकृत आहे असे प्रमाणित करीत नाही.

मग पाहायचे काय? जमिनीचा सात-बारा उतारा अथवा मिळकत पत्रिका; त्यावरील भोगवटादाराचे नाव आणि 'इतर अधिकार' रकान्यातील नोंदी. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. पालघरसारख्या जिल्ह्यात ही नोंद वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. त्यानंतर महापालिकेची बांधकाम परवानगी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी), आणि इमारत पूर्ण झाल्यावर मिळणारे भोगवटा प्रमाणपत्र (ओसी). चाळीच्या खोलीच्या बाबतीत यांपैकी बहुधा काहीच नसते. 'सगळे असेच राहतात' हे एकच उत्तर असते.

परवानग्या बनावटही असतात. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणीसुद्धा मिळविली गेल्याचे उघड झाले. म्हणून विकासकाने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास न ठेवता महापालिकेच्या नगररचना विभागाकडेच विचारणा करावी. ती कशी, हे पुढे सांगतो.

जागेची पाहणी करून घेतल्याशिवाय बांधू नये, ही कल्पना बौद्ध वाचकांना नवी वाटू नये. विनयपिटकातील संघादिसेस नियमांत भिक्षूने स्वतःसाठी कुटी बांधताना इतर भिक्षूंना नेऊन जागा दाखवावी, ती निर्बाध असावी, तिच्याभोवती फिरण्यास मोकळी जागा असावी, आणि कुटी लांबीला बारा व रुंदीला सात सुगत-वितींपेक्षा मोठी नसावी, असे सांगितले आहे. जागेची पाहणी, मोकळे अंतर आणि क्षेत्रमर्यादा या तिन्ही गोष्टी आजच्या बांधकाम नियमावलीत याच क्रमाने येतात, हे सहज आठवले म्हणून नमूद केले.

साहाय्याच्या योजना

आपल्या समाजाला सर्वांत परिचित असलेली योजना म्हणजे रमाई आवास घरकुल योजना. माता रमाईंच्या नावाची ही योजना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची असून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे. शहरी भागात घरकुलासाठी अडीच लाख रुपयांचे साहाय्य मिळते. महापालिका क्षेत्रात अर्ज महापालिकेकडे आणि ग्रामीण भागात ग्रामपंचायत व पंचायत समितीमार्फत करावा लागतो. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, उत्पन्नाची मर्यादा (शहरात वार्षिक तीन लाख) आणि पक्के घर नसणे या प्रमुख अटी आहेत. रक्कम बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी बँक खात्यात जमा होते. मध्यस्थाला 'मंजुरीसाठी' काही देण्याची तरतूद कोठेही नाही.

मात्र या योजनेची खरी अडचण नावातच आहे : ती घर बांधण्यासाठी आहे, आणि बांधण्यास स्वतःची जागा लागते. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाकडे जमीन नसते. असते ती फक्त खोली, तीही दुसऱ्याच्या जमिनीवर. त्यामुळे शहरात या योजनेचा लाभ गावठाणात वडिलोपार्जित कच्चे घर असलेल्यांनाच प्रायः मिळतो. तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, पारोळ, मेढे, भाताणे, सकवार यांसारख्या गावांत परिस्थिती वेगळी आहे. तेथे ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक ८ च्या उताऱ्यावर घराची नोंद असते. ग्रामीण भागात जागाच नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ही योजना आमच्या अनुभवास फारच थोड्या पालकांना ठाऊक असते.

आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आदिवासी घरकुल योजना आहे. कातकरी समाजाचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होत असल्याने त्यांना १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानातून घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेची मूळ रक्कम सपाट भागात १ लाख २० हजार असून राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीत ५० हजारांची भर जाहीर केली.

शहरी कुटुंबांसाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. तिचे चार भाग आहेत : स्वतःच्या जागेवर घर बांधणे, भागीदारीतून बांधलेली परवडणारी घरे, भाड्याची घरे आणि गृहकर्जावरील व्याज अनुदान. जमीन नसलेल्या पण नियमित पगार असलेल्या कुटुंबास चौथा भाग उपयोगी आहे. ३५ लाखांपर्यंत किमतीचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असल्यास पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळते. एकूण लाभ जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा नऊ लाख आहे. अनधिकृत घरावर कायदेशीर गृहकर्जच मिळत नाही, म्हणून हे अनुदान आपोआप अधिकृत घराकडेच वळते. एखादा विक्रेता 'बँक कर्ज देणार नाही, पण आम्ही हप्ते बांधून देतो' असे म्हणू लागला, तर तो आपल्या इमारतीविषयी खरे तेच सांगत आहे, असे समजावे.

आता त्या दोन पत्त्यांकडे येऊ. शहरी योजनेच्या अटीनुसार कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही शासकीय गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. गावाकडे आजोबांच्या नावे घर आहे, तेवढ्याने नातू अपात्र होत नाही. परंतु त्याच गावात आईच्या नावे पूर्वी घरकुल मंजूर झाले असेल, तर विरारला केलेला अर्ज टिकणार नाही. आधार क्रमांकांमुळे हे आता तपासले जाते. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास लाभ परत करावा लागतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. गावच्या घरकुलाला होकार देताना कुटुंबाने हा विचार करावा : आपण कोठे राहणार आहोत? गावी चार दिवस उघडणाऱ्या घरासाठी शहरातला हक्क खर्ची पडतो, हे पुष्कळांना फार उशिरा उमगते.

म्हाडाचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. पालघर जिल्हा म्हाडाच्या कोकण मंडळाच्या कक्षेत येतो आणि विरार पश्चिमेस बोळिंज येथे मंडळाचा हजारो सदनिकांचा मोठा प्रकल्प आहे. सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के व जमातींसाठी ६ टक्के आरक्षण असते. तरी बोळिंजची हजारो घरे अनेक सोडतींनंतरही पडून राहिली व अखेर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वावर विकावी लागली. पाण्याची टंचाई हे एक कारण होते. सूर्या धरणाचे जादा पाणी शहराला मिळू लागल्यावर ते काहीसे सौम्य झाले. दुसरे कारण किमतीचे. एकाच शहरात अधिकृत घरे रिकामी आणि अनधिकृत घरे भरलेली, यावरून गरज घराची नव्हे तर ऐपतीत बसणाऱ्या घराची आहे, हे धोरणकर्त्यांनी ओळखावयास हवे होते.

जातीचा दाखला

रमाई योजना असो वा म्हाडाचे आरक्षण, अर्ज अडतो तो बहुधा जातीच्या दाखल्यापाशी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले पूर्वज जेथे राहत होते, तेथील सक्षम प्राधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. म्हणजे वसईत जन्मलेल्या मुलालाही आजोबांच्या तालुक्यातच जावे लागते. धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' अशी नोंद झाली. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, परंतु मूळ जातीचा पुरावा मागितला जातो. तो आजोबा-पणजोबांच्या शाळा प्रवेश निर्गम उताऱ्यात किंवा कोतवाल बुकाच्या नोंदीत सापडतो. हे उतारे गावी जिवंत जाणकार माणसे आहेत तोवर काढून ठेवावेत.

तक्रार : कोणाकडे आणि कशी

तक्रारीचे दार चुकले की वर्ष जाते. नोंदणीयोग्य प्रकल्पात, म्हणजे ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील वा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पात, विकासकाने ताबा लांबविला, पैसे घेऊन करार केला नाही वा ठरल्याप्रमाणे बांधले नाही, तर महारेराकडे जावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार हे प्राधिकरण महाराष्ट्रात मे २०१७ पासून कार्यरत आहे. पालघर जिल्ह्यातील प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक 'पी ९९०' ने सुरू होतो. जाहिरातीवर तो नसेल किंवा भलताच असेल तर तेथेच थांबावे. नोंदलेल्या कराराविना किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ मनाई करते. ताबा न मिळाल्यास कलम १८ नुसार व्याजासह परतावा मागता येतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. ताब्यानंतर पाच वर्षांत संरचनेत वा कामाच्या दर्जात दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दूर करावयाचा असतो. तक्रार ऑनलाइन होते व तिचे शुल्क पाच हजार रुपये आहे. नोंदणी न केलेल्या प्रकल्पाविरुद्धही तक्रार चालते. आदेश झाला तरी पैसे हातात येतातच असे नाही. विकासकाने ते न दिल्यास महारेरा वसुली अधिपत्र काढते आणि ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाचे असते. खरी कसोटी येथे लागते, कारण अधिपत्राचा पाठपुरावा तहसील कार्यालयात तक्रारदारालाच करावा लागतो.

पाच हजार भरणे शक्य नसेल आणि व्यवहार लहान असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास तेथे शुल्क नाही. बनावट कागद दाखवून विक्री झाली असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. त्याची फिर्याद पोलिसांकडेच द्यावी. सोसायटीच्या कारभाराविषयीची तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. अनधिकृत बांधकाम चालू असल्याची तक्रार प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे. आणि ती पाया खोदतानाच करावी, चौथा मजला चढल्यावर नव्हे.

धोकादायक इमारतीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ज्या मातेच्या नावाने शासन घरे देते तिचेच नाव या इमारतीला होते, हे लिहितानाही हात थबकतो. कायद्याने संरचनात्मक तपासणी ३० वर्षांवरील इमारतींना बंधनकारक आहे. ही इमारत बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती. तेव्हा वयाच्या अटीवर विसंबू नये. खांबाला तिरपी भेग, गंजून उघडी पडलेली सळई, अचानक घट्ट बसू लागलेले दार, यांपैकी काही दिसले तर छायाचित्रासह त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात लेखी कळवावे आणि उत्तराची वाट पाहत तेथे झोपू नये.

पाडकामाच्या नोटिशीबाबत दोन निकाल ठाऊक असावेत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १५ दिवसांची पूर्वसूचना व म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरविली. मात्र रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरील बांधकामांना आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेल्या प्रकरणांना हे लागू नाही. पुढे १७ डिसेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने, दीर्घ वास्तव्य वा गुंतवलेला पैसा यांमुळे अनधिकृत बांधकाम वैध होत नाही, असे स्पष्ट केले. पहिला निकाल वेळ देतो, दुसरा आशेची मर्यादा सांगतो.

तक्रार कशी लिहावी? भावना कमी, तारखा अधिक. कोणी, केव्हा, काय केले. कोणता कागद सोबत जोडला. आणि नेमकी मागणी काय. दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयास द्यावी व दुसरीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा. हिलाच 'पोच' म्हणतात. साहेबांना भेटून तोंडी सांगितले, त्यांनी 'बघतो' म्हटले, याला कार्यालयाच्या लेखी अस्तित्व नाही.

घर घेण्यापूर्वी इमारतीची खातरजमा करण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ हे सर्वांत स्वस्त साधन आहे. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही नाही. महाराष्ट्रातील नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा. सरावासाठी मजकूर देतो. विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा :

'प्रति, जन माहिती अधिकारी, नगररचना विभाग, वसई-विरार शहर महानगरपालिका. मौजे ______, सर्व्हे क्रमांक ______, हिस्सा क्रमांक ______ या जमिनीवरील ______ नावाच्या इमारतीबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : (१) बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, (२) मंजूर नकाशा व मंजूर मजल्यांची संख्या, (३) भोगवटा प्रमाणपत्र, (४) सदर जमिनीवर विकास आराखड्यातील आरक्षण असल्यास त्याचा तपशील, (५) सदर इमारतीस दिलेल्या नोटिसा. वरीलपैकी जो अभिलेख उपलब्ध नसेल, तो उपलब्ध नसल्याचे लेखी कळवावे.'

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढे उत्तर आले, तरी ते आपल्या दृष्टीने पूर्ण उत्तर असते. ३० दिवसांत काहीच न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. अर्ज मुलांनी लिहिण्यास हरकत नाही. सही पालकांची असावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिसऱ्या सोमवारी तहसील कार्यालयात लोकशाही दिन असतो. तेथे विहित नमुन्यातील निवेदन पंधरा दिवस आधी दोन प्रतींत द्यावे लागते. ऐनवेळी हातात अर्ज घेऊन गेलेल्याला पुढच्या महिन्यात येण्यास सांगतात. न्यायालयात चालू असलेले प्रकरण तेथे घेतले जात नाही. पालघरला जाण्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून एकाच वस्तीतील चार कुटुंबांची तक्रार सारखी असेल तर निवेदने मात्र चार वेगवेगळी द्यावीत आणि ती घेऊन एकाने जावे; त्या एकाकडे बाकीच्यांची अधिकारपत्रे असू द्यावीत.